आपल्या घरातली माझी वही

"मावशी, मी २२ वर्षांची आहे. बडोद्यात दांडिया बाजारात आमचं एकत्र घर आहे. आजी, आईबाबा, काकाकाकू, दोन चुलत भाऊ आणि मी. महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी साहित्यात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष. प्रबंधिकेसाठी झाम्यातिनची 'वुई', आयन रँडची 'अँथम' आणि ऑर्वेलची '१९८४' घेतल्यात. विषय आहे व्यक्ती आणि समूहाची सत्ता. ११ दिवसांपूर्वी काकूने आमच्या सामायिक कपाटातली माझी वही काढून वाचली आणि जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, 'तुला या घरात श्वास घेता येत नाही म्हणे?' मी चिडले. बाबा म्हणाले, 'आपल्या घरात कोणाचं काही खासगी नसतं.' मी म्हणाले, 'हे घर नाही, टेलिस्क्रीन आहे.' म्हणजे '१९८४'मधला, घराघरांत माणसांवर पाळत ठेवणारा पडदा. तेव्हापासून बाबा आणि मी बोलत नाही. ते शाळेत मराठी शिकवतात, म्हणतात परक्यांची पुस्तकं वाचून मी स्वार्थी झाले. माझ्या फोनचं लोकेशन २४ तास घरच्या ग्रुपवर दिसतं. वाईट याचं वाटतं की मला टायफॉइड झाला तेव्हा रात्र रात्र जागली ती हीच काकू. कदाचित मीच कृतघ्न असेन. पुढच्या महिन्यात पुण्याला नोकरीचा इंटरव्ह्यू आहे. सगळं तोडून निघून जाऊ का?
— घरातली एक"

प्रिय मुली,

तुझी वही तुला न विचारता वाचली गेली आणि तिच्यातलं वाक्य जेवणाच्या पानावर सगळ्यांसमोर काढलं गेलं. हे चुकलं. काकूचं चुकलं आणि त्या वेळी खाली मान घालून जेवत राहिलेल्यांचंही चुकलं. तू 'कदाचित मीच' असं लिहिलंयस म्हणून हे सगळ्यात आधी सांगते. पुढे मी तुझ्या काही म्हणण्याशी भांडणार आहे, पण या गोष्टीवर नाही.

तू निवडलेल्या तिन्ही कादंबऱ्यांत पहिला अपराध कोणता होतो, ते पाहिलंस का? वही लिहिण्याचा. '१९८४'चा नायक विन्स्टन स्मिथ एका जुनाट वस्तूंच्या दुकानातून कोरी वही आणतो, खोलीत टेलिस्क्रीनची नजर पोचत नाही अशा कोनाड्यात अंग चोरून बसतो आणि ४ एप्रिल १९८४ अशी तारीख घालतो. तारीख घालतानाच त्याच्या पोटात गोळा येतो. रँडच्या नायकाला नाव म्हणून 'इक्वॅलिटी ७-२५२१' एवढंच मिळालंय. तो जमिनीखालच्या जुन्या बोगद्यात, चोरलेल्या मेणबत्तीच्या उजेडात चोरलेल्या कागदांवर लिहितो, आणि सुरुवातच करतो की हे लिहिणं पाप आहे. झाम्यातिनचा डी-५०३ मात्र राज्याचं गुणगान करायला म्हणून लिहायला बसतो. तो अवकाशयान बांधणारा इंजिनिअर, मनापासून निष्ठावान. रोज लिहिता लिहिता त्याला दिसायला लागतं की आपल्या आत आणखी कोणीतरी राहतंय. तिघांत मला हा सगळ्यात खरा वाटतो. विन्स्टनच्या मनात संशय आधीपासून होता. डी-५०३ला तो वहीने शिकवला.

म्हणून काकूने नेमकं काय हिसकावलं, ते बघ. 'श्वास घेता येत नाही' हे तू एका रात्री लिहिलंस. चार दिवसांनी कदाचित त्यावर काट मारली असतीस, किंवा त्याच्यापुढे 'पण' लिहून आणखी दोन पानं लिहिली असतीस. तू अजून स्वतःशी बोलत होतीस आणि तुझं बोलणं पुरं व्हायच्या आत ते घराच्या मालकीचं झालं. आता त्या वाक्यावर काट मारायची सोय उरली नाही, आणि तुला ते निभवावं लागतंय. ११ दिवसांचा अबोला त्यातूनच आलाय, असं मला वाटतं.

आता भांडते. 'हे घर नाही, टेलिस्क्रीन आहे' हे वाक्य घेऊन '१९८४' पुन्हा उघड. त्यात पार्सन्स नावाचा शेजारी आहे. तो झोपेत सत्ताधारी पक्षाविरुद्ध काही बरळतो. त्याची सात वर्षांची मुलगी दाराच्या किल्लीच्या भोकाला कान लावून ते ऐकते आणि जाऊन सांगते. तुरुंगात बसलेल्या त्या बापाला लेकीचा अभिमान वाटतो. मी हे पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं लागलं होतं. ऑर्वेलची सत्ता कुटुंबाचं मोठं रूप म्हणून आलेली नाही, ती घराघरांत शिरून कुटुंब आतून पोखरते. रँडच्या जगात मुलं जन्मली की सामुदायिक गृहात जातात, आईबाप कोण ते त्यांना कळतही नाही. हक्स्लेच्या १९३२ सालच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये मुलं बाटल्यांत वाढवली जातात आणि 'आई' हा शब्द चारचौघांत उच्चारायची लाज वाटते. या लेखकांचं एकमेकांशी पटलं असतं असं नाही, रँड आणि ऑर्वेल तर दोन टोकांचे. तरी सगळ्यांना एकच दिसलं. सत्ता सर्वंकष व्हायला निघाली की दोन माणसांतला तिच्या परवानगीवाचूनचा लळा तिला खुपतो.

विन्स्टनला आई कशी आठवते? भुकेल्या विन्स्टनने लहान बहिणीच्या वाट्याचं चॉकलेट हिसकावलं आणि पळाला. आईने त्या मरायला टेकलेल्या पोरीला नुसतं कवेत ओढून घेतलं. त्याने चॉकलेट परत येणार नव्हतं, पोरगी वाचणार नव्हती. पण कित्येक वर्षांनी विन्स्टनला त्या हाताचं मोल कळतं. तुझ्या टायफॉइडमध्ये रात्री कपाळावर पट्ट्या ठेवणारा हात त्याच जातीचा आहे. टेलिस्क्रीनला तुझ्या तापाचं काही नसतं.

त्यामुळे काकूची चूक लहान होत नाही. उलट तुला ती जास्त जड जाते, कारण पोलिसावर बिनदिक्कत रागावता येतं आणि काकूवर रागावलं की आपणच वाईट ठरल्यासारखं वाटतं. माझं म्हणणं एवढंच की दुखणं वेगळं आहे, तेव्हा औषधही वेगळं लागेल.

तुझ्या घरातल्या दडपणासारखं दडपण मला त्या तिघांपेक्षा अर्सुला ल ग्विनच्या 'द डिस्पझेस्ड'मध्ये सापडतं. १९७४ची कादंबरी आहे. अनारेस नावाच्या जगात सरकार नाही, तुरुंग नाही, मालकी नाही. 'माझा रुमाल' म्हणायची पद्धत नाही, 'मी वापरते तो रुमाल' म्हणतात. तिथला शेवेक हा भौतिकशास्त्रज्ञ. त्याला कोणी कायद्याने अडवत नाही, तरी त्याचं काम छापून यायचं तर वरिष्ठाचं नाव जोडावं लागतं, आणि थोडं वेगळं वागलं की 'हा स्वतःपुरतं बघतो' अशी कुजबुज होते. शेजाऱ्याच्या मताची भिंत तुरुंगाच्या भिंतीएवढीच पक्की असते, हे त्याला हळूहळू उमगतं. 'लोक काय म्हणतील' या वाक्यात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे पुस्तक कोणी समजावून सांगावं लागत नाही. ल ग्विन त्या समाजाला झिडकारत नाही. शेवेक दूर जातो, भांडतो आणि शेवटी घराकडे परत निघतो. तुझ्या मार्गदर्शकांची हरकत नसेल तर ही चौथी कादंबरी प्रबंधिकेत घे. तिच्याशिवाय तुझा विषय लंगडा राहील.

रँड वाचताना मात्र सावध राहा. ती १९२६ साली सोव्हिएत रशियातून निघाली, तिच्या संतापाला कारण होतं. 'अँथम' १९३८ साली इंग्लंडमध्ये छापली गेली. 'मी' हा शब्दच पुसून टाकलेल्या जगात नायकाला तो शब्द सापडतो, ते पान मला आजही हलवतं. पण पुढे काय होतं? डोंगरातल्या घरात तो स्वतःसाठी प्रॉमीथिअस हे नाव निवडतो आणि सोबतच्या मुलीचं नाव गेया ठेवतो. नाव तोच ठरवतो, ती ते घेते. माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं. मला कोणी विचारलं नव्हतं. सगळे हसत होते, फोटो काढत होते, आणि मी त्या तांदळांकडे बघत होते. म्हणून स्वातंत्र्याचा उत्सव असलेल्या पुस्तकात एका बाईचं नाव दुसऱ्याने ठेवलेलं मला खटकतं. एकाचा 'मी' सापडला आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसरीचा राहूनच गेला. रँड स्वतः बाई असून तिच्या हे लक्षात कसं आलं नाही, यावर तू एक प्रकरण लिहावंस असं मला फार वाटतं.

बाबांना ही पुस्तकं परक्यांची वाटतात, तर त्यांना आपल्याच शहरातली एक गोष्ट आठवण करून दे. १९१७ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठातून शिकून बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. त्यांना शिकायला शिष्यवृत्ती दिली होती ती सयाजीरावांनीच. आणि या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. जात लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. ते कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून काढलं, आणि ते कमाटीबागेत झाडाखाली जाऊन बसले. इथे राजा त्यांच्या बाजूचा होता. खोली नाकारली ती साध्यासुध्या, आपापल्या घरी बऱ्या वागणाऱ्या माणसांनी मिळून. समाजाचा जुलूम सरकारच्या जुलमापेक्षा मोठा असतो, असं त्यांनी १९३६च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहिलं, ते असं भोगून लिहिलं. तुझ्या वहीची तुलना मी त्या अपमानाशी करत नाही, तूही करू नकोस. पण समूहाच्या सत्तेवर लिहिणाऱ्या बडोद्याच्या मुलीने कमाटीबागेवरून जाताना हे मनात ठेवायला हवं.

याच शहरात उलटंही घडलंय. १९०४मध्ये संस्थानाने बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला. १९०६मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा, आणि मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड ठेवला. ही सक्तीच होती. घराच्या 'आपल्याकडे मुली शिकत नाहीत'वर सरकारने मात केली, आणि त्या सक्तीतून किती मुलींच्या हातात पहिली पाटी आली असेल. समूह वाईट आणि व्यक्ती चांगली असं सरळ समीकरण तुला प्रबंधिकेत मांडता येणार नाही.

आता तुझ्या घरातल्या दोन वाक्यांकडे येते. त्यांतला एक शब्द गेले दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. झाम्यातिनने 'वुई' १९२०-२१मध्ये रशियनमध्ये लिहिली. १९२४मध्ये ती इंग्रजीतून आली, आणि त्याच्या स्वतःच्या देशात थेट १९८८मध्ये. रशियनमध्ये तिचं नाव आपल्या कानाला जवळजवळ 'मी' असं ऐकू येतं, आणि अर्थ मात्र नेमका उलटा. इंग्रजीला त्यासाठी एकच शब्द आहे. मराठीला दोन आहेत. 'आम्ही जेवलो' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण जेवू' म्हटलं की तो पंगतीत येतो. तुझ्या शेजारच्या गुजराती घरातही 'अमे' आणि 'आपणे' असे दोन आहेत, तेव्हा तुला हे दुहेरी माहीत असणार.

बाबा काय म्हणाले? 'आपल्या घरात.' त्यांनी तुला धरून वाक्य म्हटलं. तुला मोजलं, पण विचारलं नाही. 'आपण'मध्ये ही खोट फार सहज शिरते. 'आपल्यात असं चालत नाही', 'आपल्याला काय कमी आहे' या वाक्यांत समोरच्याची संमती आधीच घेतल्यासारखी धरलेली असते. झाम्यातिनच्या एकराज्यात हेच चालतं. बोलणारा एकटा हितकर्ता, म्हणजे तिथला सत्ताधीश, असतो आणि त्याचं 'आम्ही' सगळ्यांनी 'आपण' म्हणून ऐकायचं असतं. आणि तू काय म्हणालीस? 'हे घर.' आपलं नाही, माझं नाही, हे. तू एका शब्दात उंबरठ्याबाहेर जाऊन उभी राहिलीस. बाबांना टेलिस्क्रीनपेक्षा ते जास्त लागलं असेल. मराठीचे शिक्षक आहेत ना ते.

त्याच 'आपण'चा दुसरा अर्थ त्यांना नक्की ठाऊक असेल. 'आपण होऊन', 'आपलं आपण बघावं' यांतला. तिथे आपण म्हणजे स्वतः, एकटा माणूस. आपल्या भाषेने एकट्याला आणि सगळ्यांना एकाच शब्दाखाली राहायला जागा दिली, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आता काय करायचं ते. आधी काकूशी बोल, दुपारी, ती एकटी असताना. ग्रुपवर नको, जेवणाच्या पानावर तर नकोच. 'काकू, तू वाचलंस ते मला फार लागलं. विचारलं असतंस तर काही मी आपण होऊन सांगितलंही असतं.' एवढंच बोल आणि थांब. ती रडेल किंवा रागावेल, तुझ्या काळजीपोटी केलं म्हणेल. काळजी खरी असेलही. तरी तुझं वाक्य परत घेऊ नकोस.

मग आजीकडे जा. आजीला विचार, तिच्याकडे कधी किल्ली होती का. माझ्या आजीच्या नऊवारीच्या कनवटीला एका पत्र्याच्या ट्रंकेची किल्ली असायची. १४ माणसांच्या घरात त्या ट्रंकेला कोणी हात लावत नसे, आजोबासुद्धा नाही. ती गेल्यावर आम्ही ट्रंक उघडली. आत माहेरची चार पत्रं, एक अर्धवट विणलेलं टोपडं आणि वहीच्या पानावर शिसपेनने गिरवलेलं तिचं लग्नाआधीचं नाव होतं. जुन्या एकत्र घरांत कोणाचं काही खासगी नव्हतं, हे खरं नाही. कडी-कुलूप होतं, माजघरातला कोपरा होता, 'तिच्या ट्रंकेला हात लावायचा नाही' असा न सांगितलेला नियम होता. वाडे जाऊन फ्लॅट आले, ट्रंक जाऊन सामायिक कपाट आलं आणि तो नियम कुठेतरी पडून गेला. एका खणाला कुलूप माग. ते मागणं आजीच्या तोंडून आलं तर बाबांना परकं वाटणार नाही.

लोकेशनचं थोडक्यात सांगते. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, तू पाहिली असशीलच. उजेड खालपर्यंत उतरावा म्हणून ती बसवली. झाम्यातिनच्या शहरातही सगळी घरं काचेची आहेत, पण ती माणूस दिसावा म्हणून, आणि पडदे ओढायला गुलाबी चिठ्ठी लागते. घरच्यांशी बोलताना काच काढा असं म्हणू नकोस, ती कशासाठी आहे ते विचार. रात्री उशिरा स्कूटीवरून येणाऱ्या मुलीची काळजी असेल, तर निघताना चालू कर आणि घरी पोचलीस की बंद कर. दुपारी तीन वाजता तू कुठल्या कँटीनमध्ये बसलीस, हे कोणाला कशासाठी हवंय, याचं उत्तर त्यांनाही द्यावं लागेल.

नवरात्रात इथल्या गरब्याच्या रिंगणात शिरली असशीलच. हजारो माणसं एका तालावर, एकाच दिशेने फिरतात. इतका मोठा समूह आणि इतका आनंद. पाय भरून आले की माणूस कडेला येतो, पाणी पितो, घाम पुसतो, मन झालं की परत शिरतो. का थांबलीस, असं कोणी विचारत नाही. तुझ्या घरात असं कडेला बसायची जागा कुठे आहे? नसेल तर ती करायची आहे. तुझी मागणी मला एवढीच दिसते, आणि तिच्यात स्वार्थाचं काही दिसत नाही.

पुण्याला इंटरव्ह्यूला जा. नोकरी चांगली असेल तर घे. दुसऱ्या शहरात राहणं म्हणजे तोडणं नव्हे, ११ दिवसांच्या रागावर तिकीट काढू नकोस एवढंच. पण जाऊच न देणं, कागदपत्रं किंवा फोन काढून घेणं, हात उगारणं, लग्नाची जबरदस्ती असं काही झालं तर माझं वरचं सगळं बाजूला ठेव. तेव्हा समजावत बसायचं नाही, निघायचं. गुजरातेत १८१ अभयम ही महिलांची हेल्पलाइन आहे. नंबर आज फोनमध्ये घालून ठेव. पत्रावरून मला तसं वाटत नाही, तरी घालून ठेव.

राहिले बाबा. त्यांच्याकडे माफी मागायला किंवा माफी मागवायला जाऊ नकोस. संध्याकाळी ते पेपर तपासत असतील तेव्हा 'वुई' त्यांच्यापुढे ठेव आणि विचार, बाबा, हे मराठीत आणायचं झालं तर नाव 'आम्ही' ठेवायचं की 'आपण'? ते लगेच उत्तर देणार नाहीत. आधी गोष्ट विचारतील, कोण कोणाशी बोलतंय ते विचारतील, आणि तुला ती सांगावी लागेल. त्यांचं काय ठरतं ते मला नक्की कळव. मी सोमवारपासून 'आम्ही' म्हणत होते, आज सकाळी पुन्हा डळमळीत झाले.

तुझी,
मावशी